बिनलग्नाची पाठवणी

माझे विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने सुटणार होते, आणि ही मध्यरात्र नेमकी कोणत्या दिवसाची यावर आमच्या साताऱ्याच्या घरात आठवडाभर वाद चालला. तिकिटावर २५ सप्टेंबर २०२५, गुरुवार असे छापलेले होते, पण घरातून निघायचे होते बुधवारी दुपारी. मामाने तिकिटावरची तारीख प्रमाण मानून गुरुवारी सकाळी भेटायला येण्याचे नक्की केले होते. मंगळवारी रात्री आईने त्याला सहज फोन केला नसता, तर मी जर्मनीच्या वाटेवर असताना तो आमच्या दारात उभा राहिला असता. हा घोळ एकट्या मामाचा नव्हता. मुलगी घर सोडून जाणार आहे एवढे सगळ्यांना कळले होते, परंतु या जाण्यात आपण कधी यायचे, काय आणायचे आणि काय बोलायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मुलीने घर सोडण्याची आपल्याकडे एक सविस्तर, पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली रीत आहे, पण ती लग्नाची. त्यात कोणी कधी रडायचे हे ठरलेले असते, ओटी कोणी भरायची हे ठरलेले असते, बरोबर पाठराखीण म्हणून कोण जाणार हे ठरलेले असते, आणि निघण्याची वेळ गुरुजी सांगतात. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, एकतीस वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि वाहनांच्या चाचणीचे काम करायला श्टुटगार्टला निघाले होते. या वर्णनाला जुळेल असे एकही कलम आमच्या घरच्या रीतिरिवाजांत नव्हते. मुलगा असते तर निदान औक्षण करून हातावर दही ठेवून मोकळे झाले असते, असे आत्या म्हणाली, आणि मुलीलाही तसेच करायला काय हरकत आहे, या माझ्या प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही.

त्यात पंचांगाने भर घातली. नोकरीवर १ ऑक्टोबरला रुजू व्हायचे होते, कारण जर्मनीत नव्या नोकऱ्या बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतात, आणि पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला तो ऐन गणपतीत. गणपती बसले २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, ८ तारखेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत म्हणजे २१ पर्यंत पितृपक्ष, आणि २२ ला घट. म्हणजे निरोपासाठी नातेवाइकांकडे जाण्याचे जे दोन आठवडे माझ्या हातात होते ते नेमके पितृपक्षाचे होते. पितृपक्षात शुभकार्यासाठी कोणाच्या दारात जाऊ नये, असे आत्याने बजावले. आई म्हणाली, "हे शुभकार्य कुठे आहे?" त्यावर आत्याने विचारले, "मग काय आहे?" दोघीही गप्प झाल्या. पुढे काही दिवस मी कोणाकडेही गेले की आम्ही 'सहज आलो' असे म्हणत होतो, आणि यजमानही तितक्याच सहजपणे आतल्या खोलीतून पेढ्यांचा खोका आणून माझ्या हातात ठेवत होते.

साताऱ्याचे कंदी पेढे हा आमच्या गावचा अभिमान असला, तरी युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ स्वतःच्या सामानातूनही नेता येत नाहीत. ही गोष्ट मी प्रत्येक घरी सांगितली आणि एकाही घरी ती कोणाला पटली नाही. पेढ्यावर बंदी घालणारे सरकार असू शकते, ही कल्पनाच लोकांना मी रचलेली सबब वाटत होती. शेवटी मी सांगणे सोडून दिले, खोके घरी येत राहिले आणि आईने ते पुढच्या घरी नेण्यास सुरुवात केली. अशा रीतीने पेढे मोती चौकातून निघून साऱ्या नातेवाइकांत फिरू लागले. आईला खोक्याच्या झाकणावर आणल्याची तारीख पेनाने लिहिण्याची सवय आहे. त्यामुळे आम्ही आत्याकडे नेलेला एक खोका तिसऱ्याच घरावरून आमच्याकडे परत आला, तेव्हा तो तिच्याच अक्षरावरून ओळखू आला. आम्ही तो त्या रात्री मुकाट्याने उघडला आणि संपवला.

शेजारी राहणारे निवृत्त मुख्याध्यापक मला 'आमची आनंदीबाई' म्हणत होते. त्यांना मुळीच दोष देत नाही, कारण एकटीने परदेशी निघालेल्या मराठी स्त्रीचे दुसरे नाव पटकन आठवत नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्या वेळी त्या नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या, आणि त्याआधी फेब्रुवारीत त्यांना बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात उभे राहून आपण का जातो आहोत हे लोकांना जाहीरपणे समजावून सांगावे लागले होते. निरोपाऐवजी खुलासा द्यावा लागणे, एवढे साम्य मला मान्य होते. परंतु त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मुख्याध्यापक कौतुकाने ही तुलना करू लागले की माझी आई उठून स्वयंपाकघरात जात असे.

"परत कधी?" हा प्रश्न मला दिवसातून चार वेळा विचारला जात होता. त्याचे खरे उत्तर माझ्याकडे होते, पण ते बैठकीच्या खोलीत बोलता येण्यासारखे नव्हते. ब्ल्यू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, काम करणाऱ्या माणसाला सत्तावीस महिन्यांनी कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत येत असेल तर एकवीस महिन्यांनीच. बी-वनची परीक्षा मी पुण्यातच दिली होती. त्यामुळे माझ्या डोक्यात एकवीस हा आकडा पक्का होता, फक्त तो परतण्याचा नव्हता, राहण्याचा होता. मी "दिवाळीत नाही जमणार, पण पुढच्या उन्हाळ्यात बघू" असे म्हणत होते, आणि सगळे ते ऐकून मान हलवत होते. एका मावशीने मात्र सरळ सांगितले, "बघू म्हणालीस म्हणजे नाही." तिचा स्वतःचा मुलगा बारा वर्षे कॅलिफोर्नियात आहे.

पुण्यातला निरोप वेगळ्या जातीचा होता. तिथे मी सहा वर्षे एका मैत्रिणीबरोबर कोथरूडला भाड्याच्या घरात राहत होते. आम्ही दोघींनी जर्मनचा वर्ग एकाच दिवशी लावला होता, ए-वनपासून बी-वनपर्यंत एकाच बाकावर बसलो होतो, आणि अर्ज पाठवायची वेळ आली तेव्हा तिच्या आईचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाणाऱ्या बाईची एकुलती एक मुलगी कुठे जाणार? या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. माझा शेवटचा शनिवार-रविवार घरातल्या वस्तूंची वाटणी करण्यात गेला. कुकर माझा होता, पण त्याची शिट्टी तिने बदलून आणली होती. मिक्सर तिचा, त्याचे चटणीचे भांडे माझे. गॅसची जोडणी तिच्या नावावर होती म्हणून शेगडीही तिच्याकडेच राहिली. मी सगळेच ठेव म्हणत होते आणि ती प्रत्येक वस्तूची किंमत लावत होती, इतकी काटेकोर की मला राग येऊ लागला. वॉशिंग मशीन आम्ही अर्धे-अर्धे पैसे घालून घेतले होते. ते आता निम्म्या किमतीचे झाले असेल, असा हिशेब करून तिने माझा वाटा म्हणून ३,७५० रुपये मला फोनवरून पाठवले. मी साताऱ्याच्या गाडीत बसून कात्रजचा बोगदा ओलांडत होते, तेव्हा ते पैसे जमा झाल्याचा संदेश आला. त्याखाली शेऱ्याच्या जागी तिने लिहिले होते : 'वॉशिंग मशीन अर्धे. आउफ वीडरहोरेन.' समोरासमोर निरोप घेताना जर्मन लोक 'पुन्हा भेटेपर्यंत' अशा अर्थाचे शब्द वापरतात. फोन ठेवताना मात्र 'पुन्हा ऐकू येईपर्यंत' असे म्हणतात. वर्गात हा फरक शिकवला तेव्हा आम्ही दोघी त्यावर खूप हसलो होतो.

बाबांचा निरोप एका रविवारी सकाळी दहा ते दीड या वेळात झाला. बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत आणि कागदाला टाचणी कुठे लावावी याबद्दल त्यांची ठाम मते आहेत. त्यांनी पलंगावर पाच फायली मांडल्या आणि मला समोर बसवून एकेक उघडली. घराचे खरेदीखत, शेताचा सातबारा आणि फेरफार, दोघांच्या आरोग्य विम्याचे क्रमांक, ठेवींच्या पावत्या व प्रत्येकीवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, लॉकरची किल्ली कोणत्या डब्यात असते. "हे तुझ्या भावाला माहीत आहे, पण दोघांना माहीत असलेलं बरं," असे ते दर फायलीनंतर म्हणत होते. पाचव्या फायलीत एक बंद पाकीट होते. त्यावर त्यांनी ते उघडायची वेळ लिहिलेली होती. ती वाचून मी फाईल मिटली, आणि त्यांनी मला ती पुन्हा उघडायला लावून पाकीट कोणत्या कप्प्यात आहे हे नीट पाहून घ्यायला सांगितले.

त्यानंतर बँकेचा अर्ज काढला. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या माणसाला आपले साधे बचत खाते चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. अर्जातली प्रत्येक चौकट बाबा स्वतः, मोठ्या अक्षरांत, माझ्या हातात पेन न देता भरत होते. 'कायमचा पत्ता' या ओळीत त्यांनी साताऱ्याचा पत्ता घरक्रमांकापासून पिनकोडापर्यंत लिहिला. 'परदेशातील पत्ता' या ओळीपाशी थांबले, कारण मला पहिला महिना कंपनीच्या तात्पुरत्या खोलीत काढायचा होता आणि तिचा पत्ता अजून आलेला नव्हता. ती ओळ त्यांनी पेन्सिलने हलकेच अधोरेखित करून ठेवली. मग 'निवासी' या शब्दासमोरच्या चौकटीकडे आणि 'अनिवासी' या शब्दासमोरच्या चौकटीकडे बराच वेळ पाहून माझ्याकडे पेन दिले आणि म्हणाले, "ही खूण तूच कर. सही करणाऱ्याने करायची असते." असा काही नियम नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होते.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मात्र ते उत्साहाने सांगत होते, की श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, "म्हणजे तसं आपलंच गाव." कालनिर्णयाच्या ऑक्टोबरच्या पानावर २६ तारखेच्या चौकोनात त्यांनी 'जर्मनी : साडेतीनचे साडेचार' असे लिहून ठेवले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, हे त्यांनी माझ्याआधी शोधून काढले होते.

सामानाचा प्रकार थोडक्यात सांगते. तेवीस किलोच्या दोन बॅगा भरणे हे काम आत्याने अंगावर घेतले, कारण तिच्याकडे अडकवायचा वजनकाटा होता. पलंगभर पसरलेली भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, दोन साड्या, थर्मल आणि प्रेशर कुकर पाहून ती म्हणाली, "रुखवत मांडल्यासारखं दिसतंय." सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवाव्या लागल्या, कारण त्यातल्या तेलामुळे विमानवाले खोबऱ्याला ज्वालाग्राही मानतात. सगळ्यात मोठी लढाई झाली ती तुपावरून. तूप हा दुधाचाच पदार्थ आहे, असे मी म्हणाले तेव्हा आजीने बरणी पदराखाली धरून विचारले, "दूध नासतं. तूप कंदी नासलंय का?" कायद्याचे कलम तिच्या बाजूने नव्हते, तर्क मात्र होता.

आजी शहाऐंशी वर्षांची आहे. तिचे माहेर अपशिंगे, ज्याला आमच्या भागात अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारने तिथे त्यांचे स्मारक उभारले. आजही तिथे सैन्यात कोणी नाही असे घर शोधावे लागते. घरातून माणूस लांब जाणे आणि त्याचा ठावठिकाणा महिनोन्‌महिने न कळणे, यात त्या गावाला काही नवे नाही. म्हणूनच बहुधा, या दीड महिन्यात जी गोष्ट सगळे टाळत होते ती आजीने बोलून टाकली. पितृपक्षात आजोबांच्या तिथीचा स्वयंपाक झाला होता, कावळ्याचे पान ठेवून आले होते, आणि मी तिच्याशेजारी ओसरीवर बसले होते.

"माजं काय बरंवाईट झालं तर जीव खात पळत यायचं न्हाई," ती म्हणाली. "तू येस्तवर मला कोण ठेवतंय? आन्‌ ठिवू बी नये."

मी नेहमीचे बोलले, असे काही बोलू नकोस, तुला काही होत नाही. तिने ते ऐकून घेतले आणि पुढे चालू ठेवले. तिचा थोरला भाऊ सरहद्दीवर असताना तिचे वडील गेले. तार पोहोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. भाऊ रजा घेऊन आला तो दोन महिन्यांनी, भरपावसात; आला, अंगणात ट्रंक ठेवली आणि वडिलांच्या खाटेच्या जागी रिकामी जमीन पाहून तिथेच बसला. त्यांच्या आईने त्याला आधी जेवायला वाढले आणि मग रडली. "त्यानं दोन महिनं तिकडं वाटलं असंल, आपण न्हवतो. आई त्याला म्हणाली, तू हुतास तरी काय करणार हुतास, लाकडंच रचली असतीस. तवा तू बी मनात धरायचं न्हाई. तुझी सुट्टी निघंल तवा ये, चार दिस ऱ्हा, आन्‌ जा."

मी हो म्हणाले. मग तिने विचारले, की तिकडे आता किती वाजले असतील. मी सांगितले, सकाळचे साडेदहा. तिला ते फार विचित्र वाटले, कारण आमचे जेवण उरकले होते.

घट बसले सोमवारी. घटाच्या भोवती पेरलेल्या धान्याला बुधवारपर्यंत जेमतेम पिवळसर टोके आली होती. दसऱ्याला आमच्याकडे ते उगवलेले तुरे केसांत आणि टोपीत खोवतात, आणि त्या दिवशी मी नसणार हे त्या टोकांकडे पाहताना पहिल्यांदा हिशेबात आले. आत्या सकाळपासून आली होती. निघायच्या वेळी हातावर दही द्यायचे एवढे सर्वानुमते ठरले होते. ओटीचा विषय निघाला तेव्हा आत्या म्हणाली, की कुमारिकेची ओटी भरत नाहीत. आईला भरायची होती, पण नणंदेसमोर रीत मोडायचे धैर्य तिला होत नव्हते, आणि मला त्या ओटीचे काय करायचे हेच कळत नव्हते. लग्नाच्या वेळची वस्तू लग्नावाचून उसनी घेतल्यासारखे ते वाटत होते.

तेवढ्यात आजी देवघरातून बाहेर आली. तिच्या एका हातात सूप होते आणि सुपात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हिरवा खण आणि शेंडीसकट नारळ. "तुमचं ठरंस्तवर पोरीचं इमान जाईल," ती म्हणाली. "तिची वटी मी भरनार हाय."

खोलीत एकदम शांतता पसरली. आजोबांना जाऊन चोवीस वर्षे झाली. या चोवीस वर्षांत आजीने कोणाची ओटी भरल्याचे मी पाहिलेले नाही. हळदीकुंकवाला ती आतल्या खोलीत बसते, माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात तिने लांबून अक्षता टाकल्या होत्या, आणि यात आम्हा कोणाला काही खटकल्याचेही मला आठवत नाही, ही कबुली द्यायला हवी. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा बाबांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. आजी तेव्हा लसूण सोलत होती. "बरं केलं," एवढेच म्हणाली होती आणि पुढची पाकळी घेतली होती. आम्हाला वाटले, विषय संपला.

आत्या काही बोलण्यासाठी पुढे झाली आणि थांबली. मी पाटावर बसले, ओढणी पुढे पसरली. आजीचे हात कापतात, त्यामुळे पहिल्या ओंजळीतले निम्मे तांदूळ पाटाभोवती सांडले. तिने ते उचलू दिले नाहीत. पाच ओंजळी झाल्यावर खण आणि नारळ ठेवला आणि माझ्या कपाळाला कुंकू लावताना क्षणभर तिचे बोट हवेत राहिले, जणू किती उंचीवर लावायचे हे ती विसरली होती. मग म्हणाली, "ह्यातलं मूठभर तांदूळ घरच्या डब्यात टाक. लेक सगळी वटी घिऊन जात न्हाई." मी स्वयंपाकघरात जाऊन मूठभर तांदूळ आईच्या डब्यात टाकले. मागे आत्या बॅगेचे कुलूप पुन्हा उघडत होती, कारण आता त्यात नारळ बसवायचा होता. युरोपात बहुतेक ताज्या फळांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो, पण अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ या पाच फळांना त्यातून सूट आहे. दीड महिना मी लोकांना काय चालत नाही तेच सांगत होते. नारळ चालतो हे सांगताना माझा आवाज नको इतका मोठा झाला.

आजी मुंबईला आली नाही. घटाचा अखंड दिवा घरात कोणीतरी सांभाळायला हवा होता, आणि तसेही ती फाटकापर्यंतसुद्धा आली नाही. गाडी वळताना मी पाहिले तेव्हा ती ओसरीवर वाकून, पाटाभोवती सांडलेले तांदूळ एकेक करून वेचत होती.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. खंबाटकीच्या बोगद्यात भावाने गाणी लावली, पनवेलपाशी आईला झोप लागली. विमानतळावर आत फक्त प्रवाशाला सोडतात. त्यामुळे काचेच्या दारापाशी जवानाने तिकीट आणि पासपोर्ट पाहिला की तिथेच निरोप संपतो, आणि मागे ट्रॉल्यांची रांग लागलेली असल्यामुळे तो लांबवताही येत नाही. बाबांनी शेवटचे वाक्य काय बोलावे? "फायली डाव्या कपाटात."

दसरा होता २ ऑक्टोबरला, माझ्या नोकरीचा दुसरा दिवस. संध्याकाळी साडेपाचला खोलीवर आले. साताऱ्यात नऊ वाजले होते. व्हिडिओ कॉलवर सगळे जमले होते आणि प्रत्येकाच्या कानामागे घटाचे हिरवट पिवळे तुरे होते. नारळ आजच फोडायचा असे आजीने ठरवून टाकले होते. खोलीत ना पाटा, ना कोयता. दुसऱ्या दिवशी जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी आणि रात्री दहानंतर आवाज करायचा नाही असा इमारतीचा नियम, त्यामुळे वेळ हीच होती. मी फोन खिशात घालून मागच्या अंगणात गेले आणि सायकली लावतात तिथल्या सिमेंटच्या कडेवर नारळ आपटला. तीन घाव लागले. दुसऱ्या घावाला वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि एका वृद्ध बाईने, सगळे ठीक आहे ना, असे विचारले. मी माझ्या बी-वनच्या जर्मनमध्ये, हे एक फळ आहे आणि आमचा सण आहे, असे ओरडून सांगितले.

"कोण बोलतंय ती?" खिशातून आजीचा आवाज आला.

मी फोन काढून सांगितले. आजीने आधी नारळ कॅमेऱ्यासमोर धरायला लावला, आत कोंब आहे का ते पाहिले, पाणी गोड आहे का ते विचारले, आणि मग म्हणाली, की त्या बाईला एक वाटी देऊन ये, एकटी दिसते.

मागून आईचा आवाज आला, "अहो, ओटीचा नारळ बाहेर देत नाहीत."

"कोण म्हनतं?" आजी म्हणाली.

मी अर्धी वाटी बशीत ठेवली, शेजारी गुळाचा खडा ठेवला, आणि वरच्या मजल्याचा जिना चढले.